इंडस्ट्रियल पीएचडी: पावणेपाच वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा किंवा युनिव्हर्सिटीचा नाहीये. दोघांचीही नावं घेणार नाही, एकतर माझ्या करारात तसं कलम आहे आणि दुसरं म्हणजे नावं बदलली तरी गोष्ट साधारण तीच राहते हे मला माझ्यासारख्या चार-पाच जणांशी बोलून कळलंय. रिव्ह्यू आहे तो या प्रकाराचा. म्हणजे ॲडमिशन युनिव्हर्सिटीत, गाईड युनिव्हर्सिटीचे, पण विषय कंपनीचा, डेटा कंपनीचा, पैसे पूर्ण नाहीतर अर्धे कंपनीचे आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस बसायचंही तिथेच. माहितीपत्रकात तीन वर्षं लिहिलं होतं, मला पावणेपाच लागली. साडेतीन स्टार देतेय, त्यातल्या अर्ध्या स्टारवरून माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.

नक्की काय मिळतं ते देशागणिक आणि स्कीमगणिक बदलतं, म्हणून "इंडस्ट्रियल पीएचडी करतोय" असं कोणी म्हणालं की मी पहिलं विचारते, कुठल्या टाईपची? फ्रान्समध्ये सिफ्र नावाची स्कीम १९८१ पासून आहे, त्यात कंपनी तुम्हाला चक्क नोकरीवर घेते, तीन वर्षांचा हिशेब, आणि त्याबद्दल कंपनीला सरकारी अनुदान मिळतं. डेन्मार्कचंही तसंच, नोकरी कंपनीत आणि नाव युनिव्हर्सिटीत. युरोपियन युनियनच्या मारी क्युरीवाल्या इंडस्ट्रियल डॉक्टरेटमध्ये निम्मा वेळ तरी युनिव्हर्सिटीबाहेर घालवायची अट आहे. ब्रिटनमध्ये दोन टोकं, इंडस्ट्रियल केस स्टुडंटशिपमध्ये तुम्ही मुळात युनिव्हर्सिटीचेच आणि कंपनीत किमान तीन महिने, आणि दुसरीकडे १९९२ ला सुरू झालेली इंजिनियरिंग डॉक्टरेट, चार वर्षांची, तिच्यात बहुतेक काळ कंपनीतच. भारतात पंतप्रधान फेलोशिपमध्ये स्कॉलरशिप निम्मी सरकारची, निम्मी कंपनीची. आणि या सगळ्यापलीकडे एक कुठेच न छापलेला प्रकार असतो: स्कीम वगैरे काही नाही, प्रोफेसर आणि कंपनीतला एक मॅनेजर जुने ओळखीचे, दोघांनी मिळून एक एमओयू, म्हणजे साधा सहकार्याचा करार, करून टाकलाय. माझी ही शेवटची.

तुम्ही पे-रोलवर कोणाच्या आहात यावर पुढचं सगळं ठरतं. कंपनीचे एम्प्लॉयी असाल तर रजा, लॅपटॉप, मेडिकल सगळं कंपनीचं, पण तुम्ही जे शोधाल तेही बहुतेक वेळा आपोआप कंपनीचंच. स्टुडंट असाल तर थोडे मोकळे असता पण मग तिथे तुम्ही कोणीच नसता. माझ्या गेटपासवर पावणेपाच वर्षं "व्हिजिटर" लिहिलेलं होतं आणि तो दर तीन महिन्यांनी रिन्यू करायला लागायचा, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांची तीन वेळा बदली झाली, मी आपली तीच.

चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. माझा विषय पंपांच्या बेअरिंगचा, व्हायब्रेशन बघून बेअरिंग कधी जाणार ते आधी ओळखायचं. या विषयातले बरेच जण फिरून फिरून एकच डेटासेट वापरतात, अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीचा. दोन हॉर्सपॉवरची मोटर, बेअरिंगमध्ये स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, मुद्दाम पाडलेला बारीक खड्डा, ०.००७ इंच, ०.०१४, ०.०२१ असा, आणि सेकंदाला १२ हजार किंवा ४८ हजार सॅम्पल. फार स्वच्छ डेटा आहे. इतका की त्यावर ९९ टक्के ॲक्युरसी कोणालाही काढता येते, आणि त्याचं एक कारण म्हणजे लोक एकाच बेअरिंगच्या रेकॉर्डिंगचे तुकडे करून अर्धे मॉडेलच्या ट्रेनिंगला आणि अर्धे टेस्टिंगला घेतात, म्हणजे पेपर फुटलेल्या परीक्षेत पहिला नंबर. हसू नका, मी एमटेकला नेमकं हेच केलं होतं आणि मला मार्कही छान पडले होते.

कंपनीत पहिल्या आठवड्यात मला तिथेच बसून बघायला एक हार्डडिस्क मिळाली, ६४ पंप, नऊ वर्षांचं रेकॉर्डिंग. मी घरी जाऊन अक्षरशः नाचले. दोन महिन्यांनी हिशेब लावला तर त्यात खरोखर फेल झालेली बेअरिंगं होती सात. सात! कारण मेंटेनन्सवाले काही वेडे नाहीत, बेअरिंग मोडेपर्यंत ते थांबतील कशाला, ठरलेले तास भरले की बदलून मोकळे. म्हणजे उरलेल्या सगळ्यांबद्दल मला एवढंच माहिती की हे अमुक तारखेपर्यंत तरी जिवंत होतं, पुढे किती जगलं असतं देव जाणे. याला सेन्सर्ड डेटा म्हणतात, आणि औषधांच्या ट्रायलवाले लोक हा प्रकार वर्षानुवर्षं हाताळतायत, पेशंट ट्रायल मध्येच सोडून गेला तर त्याला कसा मोजायचा याच्या त्यांच्याकडे तयार पद्धती आहेत. माझ्या थीसिसचं दुसरं चॅप्टर तिथून आलं, पंपाला पेशंट समजून. नुसत्या पब्लिक डेटावर बसले असते तर हा प्रश्न आहे हेसुद्धा मला कळलं नसतं.

मग पुढची गंमत. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला, म्हणजे आऊटर रेसला, खड्डा पडला की प्रत्येक बॉल त्याच्यावरून जाताना एक टक बसते, आणि ही टकटक किती वेगाने येणार ते बॉलच्या संख्येवरून काढता येतं. ढोबळमानाने शाफ्टचा स्पीड गुणिले बॉलची संख्या गुणिले ०.४, म्हणजे नऊ बॉल असतील तर साधारण ३.६ पट. माझ्या काही पंपांमध्ये ती जिथे दिसायला हवी तिथे दिसतच नव्हती, थोडी अलीकडे काहीतरी होतं. तीन आठवडे मी माझ्याच कोडला शिव्या घालत बसले. शेवटी मेंटेनन्सच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे एक सिनियर टेक्निशियन होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलाखालून एक पत्र्याचा डबा ओढून काढला. आत काढलेली जुनी बेअरिंगं, प्रत्येकाला तारेने एक चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर पंप नंबर आणि तारीख. सिस्टीममध्ये ही सगळी कधीच स्क्रॅप झालेली. मला म्हणाले, "डॉक्टरबाई, आधी बॉल मोजा." पहिल्या दिवसापासून डॉक्टरबाईच म्हणायचे, डिग्रीला चार वर्षं होती तरी.

मोजले. एकात नऊ, दुसऱ्यात आठ. वरचा नंबर तोच, भोक तेवढंच, बाहेरचा व्यास तेवढाच. कारण स्टँडर्डमध्ये बेअरिंगची बाहेरची मापं ठरलेली असतात, आत बॉल किती घालायचे आणि केवढे ते बनवणाऱ्यावर असतं, आणि परचेसने मधे कधीतरी व्हेंडर बदलला होता. कॉम्प्युटरवर कोड एकच, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं कारणच नाही. मी खाली बसून ११० बेअरिंगं मोजली, बोटं दोन दिवस काळी होती, आणि माझ्या अख्ख्या डॉक्टरेटमधला सगळ्यात उपयोगी डेटा तो आहे. या साडेतीनातला एक स्टार त्या पत्र्याच्या डब्याचा.

आता दोन मालकांची नोकरी. माझ्या गाईड सरांना "हे याआधी कोणी केलेलं नाही" असं काहीतरी हवं असायचं आणि कंपनीला "हे याआधी कोणीतरी केलंय आणि चालतंय" असं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. एकदा काय झालं, मी मोठं न्यूरल नेटवर्क बनवलं आणि त्याच्या शेजारी तुलनेसाठी म्हणून एक साधी पद्धत ठेवली, व्हायब्रेशनचा एनव्हलप, म्हणजे सिग्नलची वरची बाह्यरेषा, काढायचा, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीला किती एनर्जी आहे बघायचं, एका मर्यादेच्या वर गेली की लाल दिवा. साधी पद्धत जवळजवळ तेवढीच चांगली निघाली. कंपनीत लोक खूश, हेच लावूया, टेक्निशियनलाही समजतं. सरांनी रिझल्ट बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "चांगलंय, पण यात पीएचडी कुठे आहे?" मग पुढचे सहा महिने मी साधी पद्धत कुठे पुरते आणि कुठे फसते हेच शोधत होते, तेव्हा कुठे तिसरं चॅप्टर झालं. त्या सहा महिन्यांत कंपनीच्या रिपोर्टमध्ये माझ्या नावापुढे पिवळा रंग होता, म्हणजे प्रोग्रेस नाही.

आणि "दोन मिनिटांचं काम". तुम्हाला कोडिंग येतं हे फ्लोअरवर कळलं की संपलात. हा मॅक्रो चालत नाहीये जरा बघ, हा ग्राफ सोमवारच्या मीटिंगच्या आधी हवाय, हा सेन्सर असा का वागतोय. नाही म्हणता येत नाही कारण याच लोकांकडून तुम्हाला उद्या डेटा हवा असतो. मी एका तिमाहीत वहीत लिहून ठेवलं, कामाचे ६१ दिवस, त्यातले थीसिसच्या कामाला लागलेले २३. ती वही मी सरांना दाखवली नाही, कंपनीतल्या सुपरवायझरना दाखवली, आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मंगळवार-गुरुवार माझ्याकडे कोणी यायचं नाही असं सगळ्यांना सांगून टाकलं. ते तसे भले गृहस्थ होते, पुढे त्यांच्याबद्दल सांगतेच.

पैशाबद्दल एका ओळीत: नुसत्या फेलोशिपपेक्षा बरे, नोकरीपेक्षा कमी, वेळेवर येतात.

पब्लिशिंगवर मात्र मला जरा बसून बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. माझ्या करारात लिहिलं होतं की कुठलाही पेपर पाठवायच्या आधी कंपनीची परवानगी घ्यायची आणि कंपनी ती "योग्य त्या कालावधीत" देईल. सही करताना मला हे वाक्य फार सभ्य वाटलं होतं. पहिल्या कॉन्फरन्सचा ॲबस्ट्रॅक्ट पाठवला, अडीचशे शब्द. तो आधी सुपरवायझरकडे, मग लीगलकडे, मग पेटंटवाल्यांकडे, मग का कोण जाणे मार्केटिंगकडे गेला. परवानगी आली ७१ दिवसांनी, कॉन्फरन्सची तारीख उलटून १९ दिवस झाले होते. मेलमध्ये लिहिलेलं, "नो ऑब्जेक्शन, बेस्ट विशेस".

नंतर पेपर गेले, पण कसे? पंपांची नावं काढून एक, दोन, तीन. उभ्या अक्षावरचे आकडे काढा, त्यातून आमचा लोड कळतो. फ्लो सांगू नका, टक्केवारी सांगा. शेवटी ग्राफमध्ये एक वर जाणारी रेघ उरली आणि रिव्ह्यूअरने लिहिलं, युनिट कुठे आहेत? आता मी त्याला काय सांगू बाबा.

या बाबतीत आपला मूळपुरुष म्हणजे विल्यम गॉसेट. स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या प्रत्येकाने स्टुडंट्स टी टेस्ट केलेली असते, तो स्टुडंट म्हणजे हा माणूस. डब्लिनला गिनेसच्या ब्रुअरीत नोकरीला, तिथे बार्लीचे वगैरे प्रयोग करताना सॅम्पल अगदी थोडे असायचे आणि तेव्हाच्या पद्धती मोठ्या सॅम्पलसाठीच्या. कंपनीने त्याला १९०६ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन या मोठ्या स्टॅटिस्टिशियनच्या लॅबमध्ये पाठवलं, म्हणजे पाहिलंत तर आजच्या भाषेत इंडस्ट्री-अकॅडेमिया कोलॅबोरेशनच की. १९०८ ला पेपर आला तो मात्र टोपणनावाने, कारण कंपनी आपल्या लोकांना स्वतःच्या नावाने छापू द्यायची नाही, गुपितं बाहेर जायची भीती. त्या पेपरमध्ये त्याने ३००० कैद्यांची मापं कार्डांवर लिहून, पत्त्यांसारखी पिसून, चार-चारचे ७५० गट पाडून आपलं गणित तपासलं होतं. हातानं! मी सर्व्हर स्लो आहे म्हणून तिकिट टाकायचे तेव्हा मला हा माणूस आठवायचा.

पण खरं सांगू का, कंपनीचं सगळंच चुकीचं नसतं. पेटंट मिळायला शोध नवा असावा लागतो, आणि युरोपात तर अर्ज करायच्या आधी तुम्ही स्वतः जरी तो कुठे जाहीर केलात तरी नवेपणा गेला. अमेरिकेत स्वतःच्या जाहीर करण्याला एक वर्षाची सूट आहे, सगळीकडे नाही. पोस्टर लावणं म्हणजे जाहीर करणं, वेबसाईटवर आलेला ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे जाहीर करणं. थीसिससुद्धा! अमेरिकेत १९८६ चा एक कोर्टाचा निकाल आहे, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कॅटलॉगमध्ये लावलेली एका थीसिसची एकच प्रत, तेवढ्यावर एकाचा पेटंटचा अर्ज नामंजूर ठरला, ती प्रत कोणी वाचली की नाही हा प्रश्नच आला नाही. तेव्हा लीगलवाले घाबरतात ते उगीच नाही. उपाय साधा असतो, आधी अर्ज फाईल करा, मग खुशाल छापा. पहिला अर्ज टाकला की बाकीच्या देशांत जायला १२ महिने मिळतात, आणि अर्ज स्वतः साधारण १८ महिन्यांनी पब्लिश होतोच. माझा एक अर्ज असा झाला, पेपर पाच महिने थांबला, थांबला तर थांबला. शोधकर्ता म्हणून माझं नाव, मालक कंपनी. हे दोन वेगळे रकाने असतात हे सही करायच्या आधी समजून घ्या, बऱ्याच मुलांना वाटतं नाव आलं म्हणजे आपलं झालं.

म्हणजे माझी तक्रार परवानगीबद्दल नाही. तक्रार "योग्य त्या कालावधीत" या तीन शब्दांबद्दल आहे. तिथे "३० दिवसांत, अन्यथा परवानगी गृहीत" असं असतं तर माझा ॲबस्ट्रॅक्ट गेला असता. पेटंटसाठी थांबवायचं असेल तर जास्तीत जास्त किती महिने, तेही लिहिता येतं. लोक लिहून घेतात, नंतर कळलं मला.

आता ते सुपरवायझर. बाविसाव्या महिन्यात एका सोमवारी मेल आला, रीऑर्गनायझेशन. ते दुसऱ्या डिव्हिजनला, त्यांचं डिपार्टमेंट दोघांत वाटलेलं, आणि माझा प्रोजेक्ट कोणत्या अर्ध्यात ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू काळजी करू नकोस, मी बोलून ठेवलंय." आणि बोलले असतीलही, माझा त्यांच्यावर आजही विश्वास आहे. पण ज्यांच्याशी बोलले ते सहा महिन्यांत गेले. बोलणं त्यांच्याबरोबर गेलं.

नवीन साहेबांना मी वारशात मिळालेली. माणूस वाईट नाही, पण त्यांनी मला पहिल्या मीटिंगमध्ये विचारलं की तुझं डिलिव्हरेबल काय आणि कधी. मी म्हटलं थीसिस, दोन वर्षांनी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही बघितलं असतं, कारण त्यांच्या टार्गेटमध्ये मी कुठेच नव्हते, माझ्या असण्याने त्यांचं काही भलं होणार नव्हतं आणि मी बसते ती खुर्ची मात्र त्यांच्या हेडकाऊंटच्या जागेत होती. हळूहळू मीटिंगची आमंत्रणं बंद. मग प्रोजेक्टचा कॉस्ट कोड, म्हणजे ज्या नंबरावर खर्च टाकतात तो, बंद. कॉस्ट कोड बंद झाला की आयटीला आपोआप मेसेज जातो, आणि एका बुधवारी सकाळी मी लॉगिन केलं तर अकाऊंट डिसेबल्ड. सगळा रॉ डेटा त्या सर्व्हरवर. बाहेर न्यायची परवानगी कधीच नव्हती, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. माझ्याकडे होती काही प्रोसेस केलेली फाईल, तीन पेपरचे ड्राफ्ट आणि ११० बेअरिंगांच्या बॉलची वही.

रडले, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सरांना फोन केला, ते म्हणाले, "ॲग्रीमेंट काढ, कलम नऊ बघ." करार करताना युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्ट ऑफिसमधल्या एक मॅडम होत्या, प्रत्येक ओळीवर पेन्सिलने खुणा करणाऱ्या, त्यांच्यामुळे सही दोन महिने लांबली होती आणि मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले होते ते इथे लिहिता येणार नाही. त्यांनी नवव्या कलमात एक वाक्य घुसवलेलं: प्रोजेक्ट कुठल्याही कारणाने बंद झाला तरी विद्यार्थ्याला थीसिस सबमिट होईपर्यंत आधी गोळा झालेल्या डेटाचा ॲक्सेस राहील. बस्स, एक वाक्य. सरांनी ते कॉपी करून लीगलला मेल टाकला, कोणावर आरोप नाही, आवाज नाही. नऊ दिवसांनी अकाऊंट सुरू झालं. ज्या लीगलने मला ७१ दिवस लटकवलं त्याच लीगलने, कारण त्यांच्यापुढे कागद होता आणि कागद वाचणं हेच त्यांचं काम.

माझं या सगळ्या प्रकाराबद्दल जे मत आहे ते या नऊ दिवसांत झालंय. इथे सगळे तुमच्याशी चांगले वागतात, आणि ते चांगलं वागणं त्या-त्या माणसाच्या खुर्चीपुरतं असतं. कंपनीत माणसं दोन-तीन वर्षांत हलतात, पीएचडी त्याहून लांब चालते, त्यामुळे तुम्हाला आणणारा माणूस शेवटपर्यंत तिथे असेल असं धरून चालूच नका. जे तोंडी मिळालंय ते कागदावर आणा, आणि ते सगळे खूश असताना आणा, म्हणजे सुरुवातीला. मधे मागायला गेलात तर तोच मुद्दा भांडण वाटतो.

डिफेन्सबद्दल, म्हणजे थीसिसच्या शेवटच्या तोंडी परीक्षेबद्दल, थोडं. माझा बंद दाराआड झाला, बाहेरच्या परीक्षकांनी आधी गुप्ततेच्या कागदावर सही केली मग थीसिस उघडला. एक चॅप्टर एम्बार्गोत आहे, दोन वर्षं लायब्ररीत दिसणार नाही. घरच्यांना आत येता आलं नाही, बाहेर पॅसेजमध्ये उभे. हे आधी माहिती असतं तर एम्बार्गोवालं चॅप्टर वेगळं करून उरलेला डिफेन्स खुला ठेवा असं मागितलं असतं, काही ठिकाणी तसं करतात म्हणे, मला सुचलंच नाही.

डिग्रीनंतर फायदा होतो का? होतो. इंटरव्ह्यूमध्ये लोक तुमच्या पेपरबद्दल कमी आणि त्या पंपांबद्दल जास्त विचारतात, आणि पत्र्याच्या डब्याची गोष्ट मी आजवर तीन इंटरव्ह्यूत सांगितलीये, तिन्ही ठिकाणी पॅनल पुढे सरकून बसलं. पण प्रोफेसरशिपच्या मागे असाल तर दोनदा विचार करा, तिथे पेपर मोजतात आणि माझे माझ्या बॅचमेटपेक्षा निम्मे आहेत. त्याच कंपनीत नोकरी मिळेल अशी आशा ठेवत असाल तर करारात बघा तसं कुठे लिहिलंय का. नसणारच. मला ऑफर आली नाही. वाईट वाटलं, मग दुसरीकडे लागले, आता ठीक आहे.

मग घ्यावं की नाही? तुम्हाला खऱ्या मशीनवर काम करायला आवडत असेल, आपला सुंदर रिझल्ट कोणीतरी काळ्या बोटांनी खोडून काढला तरी मजा येत असेल, तर घ्या. शांतपणे एका प्रश्नावर चार वर्षं बसायचंय, तर अजिबात नको, साधी पीएचडी करा. आणि हो म्हणायच्या आधी त्या कंपनीत याआधी ज्यांनी केली त्यांच्यातल्या एकाशी तरी बोला, पूर्ण केलेल्याशी नव्हे, मधे सोडलेल्याशी. तो फोन उचलतो, मन मोकळं करायला कोणीतरी हवंच असतं त्याला.

गेल्या आठवड्यात माझ्या ज्युनियरने त्याच्या कराराचा ड्राफ्ट पाठवला, सही शुक्रवारी आहे, ताई जरा नजर टाक म्हणाला. मोठी स्कीम, चांगली कंपनी, सुपरवायझर एकदम मस्त माणूस आहेत असं तीनदा लिहिलं होतं. पान चारवर सापडलं: पब्लिकेशनची परवानगी "योग्य त्या कालावधीत" देण्यात येईल. मी ते लाल करून बाजूला लिहिलं, "म्हणजे किती दिवस?" आणि परत पाठवलं. त्याचा मेसेज आला, "असं विचारलं तर त्यांना राग येणार नाही ना?"